टोपडं पहिल्या पानावर

३ फेब्रुवारी
आजपासून मी बोलणार आणि फोन लिहिणार. नातीने तशी सोय करून दिली. मला अक्षर येत नाही, तेव्हा तो काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक. बरंय – वाचून पस्तावायला नको.

नातीचं ऑफिस दुसऱ्या शहरात हललं, ही हलली नाही. माझ्या विणकामाचा ब्लॉग काढलाय. मी विणायचं, तिने फोटो काढून लिहायचं. सून म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघते. कोणी वाचत नसेल तर मुकाट्याने बॅग भर आणि तिकडे नोकरी शोध."

ती जायला नकोय मला. तिला बोलले नाही. तुलाच सांगते.

५ फेब्रुवारी
पहिल्या लेखाचं नाव 'ऊब'. कोणी फिरकलं नाही.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"बाळाचं टोपडं."

"मग टोपडं म्हण की. टोपडं हवं असलेली बाई ऊब कशाला शोधेल?"

"आजी, त्यात काव्य आहे."

"असेल. कान झाकतं का?"

तोंड फुगवलं, पण नाव बदललं. 'बाळाचं टोपडं कसं विणायचं'.

८ फेब्रुवारी
फोनला विचारलं, बाळाचं टोपडं कसं विणायचं? आमचंच सगळ्यात वर! पिवळ्या टोपड्याचा फोटो, चुकायचं कारणच नाही. जेवायच्या आधी विचारलं, जेवल्यावर विचारलं – वरच. सुनेच्या नाकासमोर धरलं. "छान आहे, आई," म्हणाली. तिचं छान मला कळतं.

१२ फेब्रुवारी
फजिती. लोकरवाल्याकडे गेले, मोठ्या तोऱ्यात म्हटलं, तुझ्या फोनवर शोध, आमचंच वर येतं. त्याने शोधलं. खाली गेला, आणखी खाली गेला. "आजी, अंगठा दुखला माझा," म्हणाला. आमचा पत्ताच नाही.

घरी नात पोट धरून हसली. "अगं, तू दिवसभर तेच उघडतेस. तुझ्या फोनला तुझी आवड कळलीय. तो तुला तेच आधी दाखवतो."

म्हणजे खुशमस्कऱ्या पाळला मी पदराखाली. वर कळलं ते असं, की ब्लॉगवर आजवर आलेली सगळी माणसं मीच होते.

१३ फेब्रुवारी
सुनेने माळ्यावरची बॅग काढून झटकली.

१६ फेब्रुवारी
नात म्हणते, शोधणाऱ्या यंत्राला फोटो धड कळत नाहीत, फोटोसोबत शब्द द्यावे लागतात. मला अक्षर कळत नाही, त्याला चित्र. बरी जोडी जमली.

बाईसाहेबांनी शब्द काय दिले होते? 'फोटो एक', 'फोटो दोन'. म्हटलं, सरक, मी सांगते. पिवळं टोपडं. कानांवर दोन पाती. हनुवटीखाली बांधायला गोफ. मागे डावीकडे एक टाका निसटलेला.

"आजी, निसटलेला कशाला सांगायचा?"

"दिसतोय ना? मग सांगायचा. शोधणारीचाही तिथेच निसटला असेल. सगळं नीट जमलं असतं तर ती शोधायला कशाला आली असती?"

पोरगी नवा लेखच लिहायला बसली – 'टोपडं विणताना टाका निसटला तर काय करायचं'. मी मुद्दाम टाके सोडत बसले, ती फोटो काढत बसली. जन्मभर जे टाळलं ते दिवसभर केलं. मजा आली.

२२ फेब्रुवारी
एक बाई आली वाचायला. मी नव्हे.

२५ फेब्रुवारी
लोकरवाल्याने आपणहून फोन पुढे केला. टाका निसटला म्हणून शोधलं की पहिल्याच पानावर आमचं पिवळं टोपडं. त्याच्या फोनवर! त्याला माझ्या आवडीशी काही देणंघेणं नाही, म्हणून खरं मानलं. कितीतरी बाया येऊन आपापले निसटलेले टाके सांगून गेल्यात म्हणे.

सुनेने बॅग माळ्यावर ठेवली. आज तिचं छान खरं होतं.

२७ फेब्रुवारी
दुसऱ्या शहरातल्या एका लोकर कंपनीने ब्लॉग पाहिला. त्यांच्याकडेही फोटो ढीगभर आणि शब्द नाहीत. नातीला बोलावलंय, पक्क्या नोकरीवर. जवळ येऊन बसली. "आजी, नाही म्हणू?"

फोनला विचारलं असतं, तर त्याने मला आवडेल तेच आधी दाखवलं असतं. मी म्हटलं, उभी राहा, बाह्यांचं माप घेते. तिकडे थंडी असते म्हणतात.