चॅपलचा पाचवा फोटो

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
जुन्या इमारतींचे नोंदणी कार्यालय,
धुळे.

अर्जदार : झुलाल वना माळी, वय ६१, राहणार नरडाणा, स्टेशनजवळ.

विषय : नरडाणा येथील जुन्या मेथॉडिस्ट चॅपलच्या सन १९६१ मधील फोटोंपैकी खराब ठरवलेला पाचवा फोटो नष्ट न करता अर्जदारास मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) आपले पत्र दि. ३ मार्च १९९५.

महोदय,

१. अर्जदार हा सदर चॅपलच्या आवारात एकोणतीस वर्षे माळीकाम करत होता. झाडांना पाणी घालणे, आवार झाडणे आणि रविवारी घंटा वाजवणे ही त्याची कामे होती. अर्जदार त्या धर्माचा नाही, पण पाद्री साहेबांनी तो विषय कधी काढला नाही.

२. सन १९६१ च्या हिवाळ्यात आपल्या कार्यालयाचे पथक चॅपलचे फोटो घ्यायला आले. इमारत किती उंच आहे हे फोटोवरून कळावे म्हणून भिंतीजवळ एका माणसाने खुणांची दहा फुटी काठी धरून उभे राहायचे असते. त्या कामाला सांगितलेला पुना नावाचा मजूर त्या दिवशी दोंडाईच्याच्या बाजाराला निघून गेला. तेव्हा फोटोग्राफर साहेबांनी अर्जदाराची पत्नी बेबाबाई हिला काठी धरायला लावली. लग्नाला सहा महिने झाले होते. परक्या माणसासमोर तोंड उघडे ठेवायची आमच्यात रीत नव्हती. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि उभी राहिली. पहिले चार फोटो असे आहेत. काठी सरळ आहे, चॅपल पूर्ण आहे, बेबाबाई म्हणजे नुसता पदर आहे.

पाचव्या फोटोच्या वेळी अर्जदार झारी घेऊन समोर उभा होता. ती इतकी ताठ उभी होती की त्याला हसू आले. तो म्हणाला, "अवं, इतली ताठ काबर उभी? चर्चनी उंची मोजी राह्यनात, तुनी नई." ती म्हणाली, "मंग मनी बी मोजी ल्या!" आणि हसली. हसताना पदर मागे सरकला, काठी कलली, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. साहेब फार रागावले. त्या फोटोच्या मागे लाल शाईने 'खराब' असे लिहिले आहे. फोटो खराब होण्यास अर्जदार जबाबदार आहे, हे तो आज लेखी कबूल करतो. बेबाबाईचा त्यात दोष नाही.

३. बेबाबाई दि. ९ एप्रिल १९९४ रोजी धुळ्याच्या सिव्हिलमध्ये पोटाच्या आजाराने वारली. नंतर लक्षात आले की घरात तिचा एकही फोटो नाही. मुलीच्या लग्नात फोटोवाला होता, पण ती चुलीकडे होती. पासबुकाला फोटो लागतो म्हटल्यावर तिने खातेच उघडले नाही. दहाव्यानंतर गंधमुक्तीच्या दिवशी लोक पाटावर मयताचा फोटो ठेवतात. अर्जदाराने तिचे लुगडे घडी करून ठेवले आणि त्याला हार घातला. मुलगी इंदिराबाई रडत म्हणाली, "आबा, मायनं तोंड आठवस का तुमले?" अर्जदाराला आठवते. पण रोज थोडे कमी आठवते. अर्जात असे लिहीत नाहीत हे माहीत आहे, पण खरे आहे ते लिहिले.

४. पहिल्या अर्जाचे उत्तर आले की, नोंदवहीत चॅपलचे चारच फोटो आहेत, पाचवा अस्तित्वात नाही. दुसरा अर्ज द्यायला अर्जदार स्वतः कार्यालयात आला, तेव्हा तो फोटो त्याने कपाटात डोळ्यांनी पाहिला. कोणी दाखवला ते तो सांगणार नाही. त्याच आठवड्यात फळ्यावर नष्ट करायच्या कागदांची यादी लागली. तीत अनुक्रमांक ११२ वर 'चॅपल, नरडाणा, खराब फोटो, एक' असे आहे. जो फोटो नोंदीत नाही म्हणून देता येत नाही, तो जाळता कसा येतो, हे अर्जदाराने तीन टेबलांवर विचारले. तिन्ही टेबलांनी पुढचे टेबल दाखवले.

५. आपल्या दि. ३ मार्चच्या पत्रात, फोटोतील स्त्री ही अर्जदाराची पत्नीच असल्याचा पुरावा म्हणून मयताचा एक फोटो सादर करण्यास कळवले आहे. महोदय, तो असता तर अर्जदार आपल्या दारात आला नसता.

तरी दुसरा पुरावा देतो. सिव्हिलच्या केसपेपरवर बेबाबाईची उंची चार फूट दहा इंच लिहिली आहे. चार चांगल्या फोटोंत काठी सरळ आहे. काठीवरच्या खुणा कृपया मोजाव्यात. पाचव्यातही तेच लुगडे आहे, तीच काठी आहे. चॅपल मोजण्यासाठी बेबाबाईला उभे केले होते. आता कार्यालयाने तिलाही मोजावे. तिने त्याच वेळी सांगितले होते.

६. यादीतील कागद दि. ३१ मार्च रोजी कार्यालयाच्या मागे जाळणार आहेत असे समजते. अर्जदाराने तिला एकदा अग्नी दिला आहे. दुसऱ्यांदा देण्याचे काम सरकारने करू नये.

७. चारही चांगले फोटो सरकारने ठेवावेत, त्यांवर अर्जदाराचा हक्क नाही. पाचवा तेवढा वर्षश्राद्धाच्या आधी मिळावा. देणे नियमात बसत नसेल तर यादीतून काढून त्याच कपाटात परत ठेवावा. अर्जदार महिन्यातून एकदा गाडीने धुळ्याला येईल, पाहील आणि निघून जाईल. हात लावणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

झुलाल वना माळी
नरडाणा, दि. १३ मार्च १९९५

सोबत :
१) बेबाबाई झुलाल माळी हिच्या मृत्यूचा दाखला.
२) सिव्हिलच्या केसपेपरची नक्कल. उंचीखाली अर्जदाराने रेघ मारली आहे.
३) रेशनकार्डाची नक्कल.
४) मयताचा फोटो : जोडलेला नाही. तो आपल्या कपाटात आहे.