तिच्या नावाची चिठ्ठी

३ मार्च
पोचले एकदाची परदेशात, स्वयंपाकाच्या कामावर! स्वयंपाकघरामागची खोली मला दिलीय. खिडकी आहे, दिवा चांगला आहे, पुस्तकांना फळी आहे. ह्यांचा फोटोही तिथंच ठेवला. पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, तेव्हा हे चिडवायचे, परदेशात गेलीस तरी कागदच गोळा करशील. आले बघा. तुम्ही हवे होतात. मालकीण बोलघेवडी आहे. पहिल्याच घासाला म्हणाली, मागच्या बाईंपेक्षा तुमच्या हाताला चव आहे.

११ मे
रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. माझी इथं कुठंच नोंद नाही, त्यामुळे डॉक्टर नाही, आणि चिठ्ठीशिवाय औषधवाला गोळी देत नाही. मालकिणीनं तोड काढली. मागच्या बाई गावी गेल्या, पण त्यांची फाइल दवाखान्यात तशीच आहे. त्यांच्या नावाचा पुकारा झाला की ओ द्यायची. दिली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. फाइल बघून विचारलं, डावा गुडघा कसा आहे? माझे गुडघे ठणठणीत. बराय म्हटलं आणि चिठ्ठी घेऊन आले.

१३ मे
डावा गुडघा सुजलाय. वय झालं, दुसरं काय.

९ जून
पुन्हा दवाखाना, पुन्हा ओ. डॉक्टरांनी पुढचं पान उलटलं. म्हणाले, उजवा कान गेला तो गेलाच ना?
संध्याकाळी भाजी करपली. कुकर उजव्या हाताला होता, शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत.

१० जून
शेजारच्या मोलकरणीनं सांगितलं. त्या बाई गावी गेल्याच नाहीत. तिसरी चिठ्ठी आणली त्याच दिवशी ह्याच खोलीत वारल्या. दवाखान्याला कुणी कळवलं नाही. मालकिणीला जाब विचारला तर म्हणते, मेलेल्या माणसाचं काय बिघडतंय? तुम्ही गोळ्यांशी मतलब ठेवा.

६ जुलै
दोन गोळ्या उरल्या. उद्या तिसरी खेप. मालकीण बजावते, खरं नाव सांगाल तर परत पाठवतील. पाठवू देत! ह्यांनी चौतीस वर्षं ज्या नावानं हाक मारली, ते चार गोळ्यांपायी टाकायला मी काही रस्त्यावर सापडलेली नाही. चिठ्ठी घेईन तर माझ्या नावाची.

७ जुलै, सकाळ, दवाखान्यातला बाक
खिडकीवरच्या बाईला माझं नाव सांगितलं. म्हणाली, अशी कुणी नाही, बसा. बसलेय. हलणार नाही. ओ तर देणारच नाही.

पुकारा झाला. तोंडात पदर कोंबला—

ओ गेली. माझ्या गळ्यातून. आवाज माझा नव्हता.

पाय उठताहेत. मी नाही उठत— पाय—

दार उघडं. डॉक्टर पान उलटताहेत. तिसऱ्या चिठ्ठीच्या पुढं कोरं—

लिहिणारा हात अजून माझा आहे. तो नाही देणार. मी ती नाही. माझं नाव—