स्वर्लच्या तोंडी

एडिंबरा, ३ सप्टेंबर १९५६

ती. आजीस ओस्लाचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. शब्दकोशाच्या कचेरीत या आठवड्यात माझ्या वाट्याला ‘स्वर्ल’ हा शब्द आलाय. साहेबांनी अर्थ लिहिलाय, ‘गरगरत आत ओढत नेणारी गती’. पण माणसं तो कसा वापरतात, याचं वाक्य खाली हवं. तुझ्या तोंडी तो रोजचा, तेव्हा तूच पाठव.

दुसरं म्हणजे, महिनाअखेर बेटावरची उरलेली घरंही उठणार आणि तू हलायला तयार नाहीस, असं सँडरदादा लिहितो. त्याला खाडीपलीकडे नोकरी लागली. मग तू एकटी कशी राहणार? माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण खिडकीत ऊन येतं. वादळं सुरू व्हायच्या आत ये. इथे माझं कशात लक्ष लागत नाही.

आशीर्वाद असू दे.
तुझी ओस्ला

हेल्सी बेट, ९ सप्टेंबर

चि. ओस्ला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका शब्दापायी आठवडा घालवायचा पगार मिळतो म्हणजे तुमचं शहर फारच सुखात आहे. घे लिहून. ओहोटीला खाडीत पाणी तोंड उघडतं, तो स्वर्ल. धुराड्यातून गेलेला धूर वाऱ्याबरोबर फिरून परत घरात शिरतो, तोही. तुझ्या दादाच्या डोक्यावर केसांचे दोन आहेत, म्हणून कंगवा हरतो. आणि तुझं पत्र आल्यापासून मी घरात ज्या घिरट्या घालतेय, त्यालाही मी तेच म्हणते. त्यातलं हवं ते उचल.

पाण्यातला स्वर्ल नाव गिळायला लागला, की त्याला काहीतरी तरंगणारं द्यायचं. ते फिरवण्यात तो गुंततो, तेवढ्यात आपण निसटायचं. एकदा तुझ्या आज्यानं पकडलेल्या शेवंडांची भरली टोपली त्याला दिली. जीव वाचला ते राहिलं बाजूला, पुढे कितीतरी दिवस शेवंडांच्या नावानं गळा काढत होता.

येण्याचं म्हणशील, तर आज्याची खुर्ची आली तर मी येईन. वाहून आलेलं लाकूड, पाठीला ओटचं गवत, स्वतः विणलेलं. त्या माणसानं जन्मात पुरं केलेलं काम तेवढं एकच. सँडर म्हणतो, मेंढ्या, लोखंडी चूल, कोंबड्या आणि आजी एवढं भरल्यावर नावेत खुर्चीला जागा नाही. मी म्हटलं, मग आजीलाच उतरव. तेव्हापासून तोंड फुगवून बसलाय.

तुझी आजी

एडिंबरा, १६ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

खुर्ची आण, पण ये. मेंढ्या दुसऱ्या खेपेला ने, असं दादाला लिहिलंय. फक्त ओहोटीत निघू नका. आता मला वाऱ्याचा आवाज झाला तरी दचकायला होतं.

तुझी ओस्ला

पलीकडच्या धक्क्यावरून, ३० सप्टेंबर

चि. ओस्ला हिस अनेक आशीर्वाद. आधी हे वाच, की आम्ही दोघं जिवंत आहोत. मग बाकीचं.

तुझं ऐकून खुर्ची नावेत आली. पण कोंबडीनं टोपली फोडली, ती धरण्यात भरती निघून गेली. सँडरला म्हटलं, उद्या जाऊ. तर म्हणतो, उद्या कामावर हजर नाही झालो तर नोकरी दुसऱ्याला. धुकं होतं. खाडीच्या मध्यात इंजिन खोकून बंद पडलं आणि नाव आपोआप वळायला लागली. वल्हं मारून मारून पोराचे हात गळाले. मला ओरडला, आजी, चूल ढकल! म्हटलं, मेल्या, चूल बुडेल, स्वर्लला खेळायला हवंय. आणि खुर्ची दिली. दुसरं तरंगणारं म्हणजे कोंबड्या, आणि त्यांनी काय पाप केलं होतं?

तुझ्या कोशाला वाक्य देते: ‘स्वर्लनं ती खुर्ची सरळ उभी ठेवून फिरवली, जणू तिच्यात कुणी बसला होता, आणि मग तोंड मिटलं.’ नाव सुटली. सँडर रडत होता. मी त्याला वल्हं मारायला सांगितलं.

मंगळवारच्या गाडीनं येते. लोभ तर आहेच. तुझ्या त्या उन्हाच्या खिडकीपाशी एक खुर्चीही असावी. गवताची नको.

तुझी आजी