खुर्चीवरची आजी

९ जानेवारी १९७८
खोटारडी ठरवलं मला! एक्स-रे दिव्यापुढे धरून डॉक्टर म्हणतात, "टोपीखालची हाडाची मान बारीक झालीय. मांडी घालून बसत असणार तुम्ही." टोपी म्हणजे दीड वर्षापूर्वी मुंबईच्या सर्जननी खुब्याच्या गोळ्यावर चढवलेली, धातूची. खाली बसायचं नाही, असं तेव्हाच बजावलं होतं. तेव्हापासून मी जमिनीला टेकलेले नाही. पंगतीत खुर्ची, देवापुढे खुर्ची! तसं सांगितलं तर हे शेजारून — "आठवून बघ ना जरा."
काय आठवू? कपाळ!

१४ जानेवारी
हळदीकुंकू. बायका सतरंजीवर, मी वर. "अनसूयाबाईंचं सिंहासन!" कुणीतरी म्हणालं. मीही हसले. दातओठ खात.

२ फेब्रुवारी
हेमाला मुलगी झाली. लेकीची लेक, आमचं पहिलं नातवंड!

१३ फेब्रुवारी
बाळ घरी आलं. न्हाऊ घालायला बजाबाई ठेवलीय. ती पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते. माझ्या आईने हेमाला असंच न्हाऊ घातलं होतं. मी न्हाणीच्या दारात, खुर्चीवर.
"पाणी फार कढत नाही ना?" मी विचारलं.
"आक्का, लई पोरं न्हाऊ घातली म्या. तुमी निस्तं बगा की."
बघा! बघायलाच आजी झाले का मी?
हेमाला म्हटलं, एकदाच मला घेऊ दे. म्हणाली, "आई, तुझं हाड मोडलं तर करायचं कुणी?" पोटची पोर! रात्री जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

३ मार्च
मुंबई. ज्यांनी टोपी चढवली तेच सर्जन. शांतपणे म्हणाले, "आणखी काही पेशंटचं असंच झालंय. टोपीखाली हाड आपोआप झिजतंय. तुमचा दोष नाही. पद्धत नवी आहे, आम्हीही शिकतोय."
माझ्या हाडावर शिकतायत!
"आणि खाली बसण्याचं?" मी विचारलं. "त्याने फारसा फरक पडला नसता. पण आता जपा, मोडू शकतं."
फारसा फरक नाही! मग ती खुर्ची कशासाठी? परतीच्या गाडीत हे पेपरात तोंड घालून बसले. चुकलं म्हणायला जीभ रेटेना.

६ मार्च
हे शाळेत शिकवायला गेलेले, हेमा झोपलेली. बजाबाईला म्हटलं, सरक.
"नगं आक्का! काय झालं तर समदी मला बोलत्याल."
"मी बघते त्यांच्याकडे. धर मला."
तिच्या खांद्याला धरून पाटावर टेकले. पाय पसरले. बाळ घेतलं — तेलाने निसरडं, ऊन ऊन. पाणी पडताच ती रडायची थांबली. रडत मीच होते. बजाबाईने उठवलं. काही झालं नाही. काहीसुद्धा नाही!

११ मार्च
दवाखान्यात. काल हाड मोडलं. खुर्चीवरून उठताना! डॉक्टरांनी विचारलंच, "खाली बसला होतात ना?" हे माझ्याकडे बघत होते.
"हो," म्हटलं. "नातीला न्हाऊ घातलं."