वाऱ्याच्या उलट भाजलेला राब

आई, या वर्षी तुझा राब मी भाजला. मजूर लावून नव्हे. स्वहस्ते, आणि शेजारच्या काकी साक्षीला होत्या म्हणून कबूल करतो, स्वतःची अर्धी मिशी होरपळवून. रोपांच्या वाफ्यावर शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत, सर्वांवर मातीचा पातळ थर आणि मग अग्निसंस्कार, जेणेकरून मातीत दडलेले तणाचे बी पेरणीपूर्वीच भस्मसात व्हावे. हे तुला सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु शहापुरात पंचवीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या मनुष्यास ज्ञात वस्तूचे भाष्य केल्यावाचून अन्न पचत नाही, आणि ते मुकाट्याने ऐकणारे तुझ्यामागे कोणी उरले नाही.

मधल्या काळात मी आत्मविकास करत होतो. मुखपृष्ठावर उगवता सूर्य असलेली इतकी पुस्तके घरात साठली की कपाटात रात्र होईना. पहाटे आरशासमोर उभा राहून मी धीरगंभीर स्वरात उच्चारत असे, "मी अजेय आहे." आतून तुझी सून म्हणे, "अजेय, सिलिंडर संपलाय, तेवढा बदला." गेल्या हिवाळ्यात तर मुरबाड रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर तीन दिवसांच्या शिबिरास गेलो. गालाला माइक चिकटवलेल्या एका तेजस्वी तरुणाने आम्हां साठ प्रौढांकडून सिंहगर्जना करवून घेतली आणि अखेरीस निखाऱ्यांवरून चालवले. चार पावले. टाळ्यांचा कडकडाट, गळ्यात गळे, भयमुक्तीचे लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र. आठव्या दिवशी मी पूर्वीइतकाच चिडका, चालढकल करणारा आणि टाळ्यांचा भुकेला होतो. फक्त लॅमिनेट झालो होतो.

ते प्रमाणपत्र घेऊन मी डोळखांबकडच्या आपल्या घरी गेलो, कारण शहापुरात ते पाहून घेण्यास कोणी शिल्लक नव्हते. काकींनी ते उलटसुलट केले.

"निखाऱ्यावर चाललास? कशाला रे? चपला नव्हत्या?"

"भय जिंकण्यासाठी, काकी."

"मंग तुज्या आयचं वावर बघ की. तीन सालं पडीक हाय. मजूर नाय, मजूर नाय, सांगतोस. औंदा नाय लावलंस तर माजा जावई लावील, आनि मंग मागाया येऊ नको."

"औंदा मीच लावणार. राबापासून सगळं."

"भाषणावर भात उगवत नाय, मास्तर. वाफा तणानं भरला, का वावर आमचं. बोल!"

"मान्य," मी म्हणालो. सिंहगर्जनेचा अवशिष्ट परिणाम असावा.

खरे सांगतो, परतताना मी वाट वाकडी करून वावराकडे वळलो. त्या वावराच्या बांधावर तुझ्या बसण्याचा दगड अजून तसाच आहे. ते गेले असते तर तुझे म्हणावे असे मजजवळ काहीच उरले नसते.

आणि मला राबाविषयी एकच गोष्ट ठाऊक होती; तीही माझ्या चुकीतून. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलो आहे. तू काडेपेटी माझ्या हाती देतेस. "वारा बघून लाव," एवढेच सांगतेस. वारा पश्चिमेचा, आणि मी पश्चिमेकडूनच काडी लावतो. एका श्वासात सबंध वाफा पेटतो. काय ती ज्वाळा! मी चक्क टाळ्या वाजवतो. तू धावत येतेस, सगळे विझल्यावर राखेखाली तळवा टेकवतेस. माती गार. "भडका नको रे बाला, भाजलं पायजे!" त्या पावसाळ्यात वाफ्यात भातापेक्षा तणच अधिक उगवले, आणि तू दिवसचे दिवस इरले पांघरून, उकिडवी बसून ते उपटत राहिलीस. मी म्हणालो, "मला वाऱ्याचं कळलं नाही." तू म्हणालीस, "कळंल हळूहळू."

या वैशाखात मी सकाळी चिमूटभर धूळ सोडून वारा पाहिला, तो पश्चिमेचाच, आणि पूर्वेकडून, त्याच्या उलट, काडी लावली. अग्नी रांगू लागला. शासकीय कामकाजास लाजवील अशी त्याची गती! मी हिरवी फांदी घेऊन शेजारी बसलो. जिथे भडका उठे तिथे झोडपे, मिशीचे बलिदान तेव्हाचेच. माध्याह्नीपर्यंत टाळी नाही, घोषणा नाही, छायाचित्र नाही. शिबिरातले निखारे मी चार पावलांत ओलांडले होते. हे सकाळभर सोसावे लागले. मध्येच ते प्रमाणपत्र आहुती म्हणून पुढे केले, तर काकी बांधावरून ओरडल्या, "प्लास्टिक नको टाकू त्यात, माती नासंल!" मग त्या उतरल्या, राखेखाली तळवा टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"भाजलं," म्हणाल्या.

आई, आजवर इतके गौरव स्वीकारले, पण एका क्रियापदाने असा राज्याभिषेक कधी झाला नव्हता. आषाढात रोपे वर आली तेव्हा काकी आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. "बघ, मास्तराचा वाफा. तण दाव मला यात!" सूनबाई पुष्कळ वाकली, तिला सापडले नाही. आवणीला, रोपे वावरात लावायला, काकींचे अख्खे घर उतरले, वावराची आशा सुटलेला जावईसुद्धा. आज ते भात कमरेइतके उभे आहे आणि मी तुझ्या दगडावर बसून, निम्न प्रतीच्या एका सम्राटाप्रमाणे, हे लिहीत आहे.

तुला अक्षर येत नव्हते. आलेली पत्रे मीच तुला वाचून दाखवत असे. म्हणून हे कोठे धाडण्याचा प्रश्नच नाही. घडी करून खिशात ठेवीन. फक्त एक गोष्ट, जी एवढी वर्षे कोणत्याही शिबिरात मला उच्चारता आली नाही. त्या सुट्टीत वारा कुठून येतो आहे हे मला नीट ठाऊक होते. मला भडका पाहायचा होता.