सहाव्या भागात काय झालं

ता. ४ मार्च, सोमवार

चि. बारक्यास,
अ. उ. आ. (आशीर्वाद अनेक आहेत. उत्तम आहेत की नाहीत, ते खालचं वाचून तूच ठरव.)

तू खोटारडा आहेस. एरवी मी ख्यालीखुशालीनं सुरुवात करते, पण आज हे लिहिल्याशिवाय मला पुढे लिहवणार नाही. कंदील मेली! एकतीस वर्षांपूर्वीच मेली, आणि मला ते काल, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, माझ्या चौदा वर्षांच्या लेकीकडून कळलं.

तिनं शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. बघते तर 'दोन आकाशं'! आपल्या लहानपणीची सगळी गोष्ट, सहाच्या सहा भाग ओळीनं एकत्र छापलेले. माझे डोळेच भरून आले. अण्णांचा नियम होता, एकाला एकच कॉमिक. मी कंदीलच्या टीमचा 'शेवटचा बाक' घ्यायचे, तू 'उगवती सात' घ्यायचास. मग या दोन सुपरहिरो पोरांच्या टीम एकत्र आल्या आणि छापणाऱ्यांनी गोष्ट वाटून टाकली. एक, तीन, पाच माझ्या अंकात. दोन, चार, सहा तुझ्या. आपली कट्टी असली तरी अंकांची अदलाबदल चुकवली नाही. फक्त सहावा तू दिला नाहीस. भिजून लगदा झाला म्हणालास, आणि गोष्ट तोंडी सांगितलीस.

काय सांगितलं होतंस? कंदील बोगद्यातून पलीकडे बाहेर येते. डाव्या पायात बूट नसतो, केसांत काजळी असते, अंगावर दोन बटणं तुटलेला तपकिरी कोट असतो. ती तिसऱ्या पायरीवर बसते, गरम दूध मागते आणि वरची साय बोटानं काढून टाकते. मला त्या सायीसकट सगळं पाठ आहे. मी पोरीशी पैज लावली. तिनं मुकाट्यानं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सगळं पान काळं, कोपऱ्यात तिचा एवढासा उजेड, आणि पुढच्या पानावर तोही नाही.

माझी कंदील, माझ्या टीमची, आणि तिला मारली तुझ्या अंकात! तुझ्या त्या कडक इस्त्रीच्या सात जणांनी काय केलं? रांगेत उभे राहिले. वर तो मोठा झेंडेवाला सुपरहिरो शेवटच्या पानावर येऊन भाषण ठोकतो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आज दातांच्या लॅबमध्ये त्याच तंद्रीत एका कवळीचा डावा सुळा उजवीकडे बसवला आणि मेण पुन्हा वितळवावं लागलं.

खुलासा हवा. अण्णांना नमस्कार सांग. फोन केला की ते कधी दुकानात असतात, कधी आंघोळीला गेलेले असतात. त्यांना म्हणावं, स्वतःहून एकदा करा.

लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या मागे उभा आहे.
तुझी,
ताई


ता. ८ मार्च, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. दुकानातला कारागीर विचारायला लागला की मालक, लॉटरी लागली का. एकतीस वर्षांनी खटला भरणारी तू जगातली पहिलीच बहीण असशील.

गुन्हा कबूल. अंक भिजला नव्हता. तेव्हा अण्णांकडे एका वकिलाची खुर्ची नवं कापड चढवायला आली होती. मी तो अंक तिच्या गादीत काथ्याखाली सरकवला आणि वरून अण्णांनी शिवण घातली. वकीलसाहेब पुढची किती वर्षं कंदीलवर बसून खटले लढले, कोण जाणे. का केलं, ते विचारू नकोस. दहा वर्षांचा होतो, सुचलं ते केलं. आणि खरं सांग, माझा शेवट त्या काळ्या पानापेक्षा बरा होता की नाही?

अण्णा एकदम ठणठणीत. सध्या नाट्यगृहाच्या चौदा खुर्च्या आल्यात. अजून तोंडात बारीक खिळे धरून एकेक काढतात आणि ठोकतात. परवा एका बाईंशी कापडावरून जुंपली. बाई म्हणाल्या शेवाळी, अण्णा म्हणाले पोपटी, शेवटी दोघं कापड घेऊन उन्हात गेले. दुपारी दोनदा वाढून घेतात. संध्याकाळी राखाडी स्वेटर घालून पुलापर्यंत जातात, येताना बागेतल्या तिसऱ्या बाकावर बसतात आणि शेंगदाण्यांची सालं फुंकत बसतात. फोनचं सांगतो त्यांना. हल्ली ऐकायला कमी येतं, म्हणून टाळतात एवढंच.

भाचीला शाबासकी. कवळीवाल्या माणसाला माझ्यातर्फे सॉरी म्हण.

रागापुढे लोभाला बसायला खुर्ची द्यावी, ती मी फुकट शिवून देईन.
तुझा,
बारक्या


ता. ११ मार्च, सोमवार

ती. मामास,
सा. न.

आईच्या पाकिटात माझंही घालतेय. मला तुझा राग नाही आलेला, पुस्तकाचा आलाय. तू ते पुन्हा वाच. मोठ्या सुपरहिरोंना पहिल्यापासून माहीत असतं की बोगद्यात जाणारा परत येणार नाही. पण 'पोरं घाबरतील' म्हणून ते दोन्ही टीमना तळघरात बसवतात आणि सांगतात, सगळं ठीक चाललंय. कंदील एकटीच निसटते आणि बोगद्यात शिरते. बाकीच्यांना खरं सांगितलं असतं तर ते निदान बोगद्याच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर गेले असते! हात तरी धरला असता. आणि शेवटी हेच मोठे लोक भाषण करतात. कसली ही शूर माणसं?

माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, कॉमिक्समधले मेलेले दोन वर्षांनी परत येतात. मी लायब्ररीतली सगळी कपाटं शोधली. सगळे आलेत. झेंडेवाला तर तीनदा मेलाय. फक्त कंदीलला कुणी परत आणलं नाही. हे संतापजनक आहे, आणि मी प्रकाशकांना पत्र लिहिणार आहे.

आईला मी हे सगळं सांगितलं, तर तिनं उठून कपाट उघडलं. कालपासून तुझी जुनी पत्रं टेबलावर मांडून बसली आहे.

तुझी,
भाची


ता. १२ मार्च, मंगळवार

बारक्या,

आज आशीर्वाद नाहीत.

तुझी दोन वर्षांची पत्रं मी तारखेनं लावली. गेल्या ऑक्टोबरपर्यंत तू अण्णांबद्दल काय लिहायचास? 'अण्णा बरे आहेत, खोकला आहे.' संपलं. तुला कधी दुसरी ओळ सुचली नाही. आणि नोव्हेंबरपासून बघ. चौदा खुर्च्या, शेवाळी की पोपटी, राखाडी स्वेटर, शेंगदाण्यांची सालं. तिसरा बाक! तू खरं सांगतोस तेव्हा दोन शब्दांत आटपतोस. खोटं बोलायला लागलास की बटणं मोजतोस, साय काढतोस आणि माणसाला तिसऱ्या पायरीवर नेऊन बसवतोस. मी एकदा फसले, ती तेरा वर्षांची होते म्हणून.

आई दवाखान्यात होती तेव्हा मावशी आपल्याला हेच करायची, आठवतं? आज आईनं संत्रं खाल्लं. आज ती खिडकीत बसली. आज तिनं तुमच्या वह्या मागितल्या. मी वह्यांना नवी कव्हरं घातली, बारक्या. आपल्याला नेलं तेव्हा आई बोलत नव्हती, डोळेही उघडत नव्हती. मावशीनं माया म्हणून केलं हे मला कळतं, पण त्या वह्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि त्याच महिन्यात तू कंदीलला दूध पाजत होतास. ते का केलंस, हे मला आता कळतंय. त्यासाठी तुला माफ केलं. पण माझ्या वडिलांच्या बाबतीत हे मी चालवून घेणार नाही. ते तुझ्याकडे राहतात म्हणून तुझ्या एकट्याचे झाले नाहीत.

अण्णांना काय झालंय, ते लिही. रंग आणि बटणं वगळून लिही.

ताई


ता. १६ मार्च, शनिवार

ती. ताईस,
सा. न.

अण्णा नोव्हेंबरपासून दुकानात आलेले नाहीत. हृदय थकलंय. पायांना सूज आहे. जिना उतरवत नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काढतील असं वाटत नाही.

आधी त्यांनीच बजावलं होतं की ताईला कळवू नकोस, कामं टाकून धावत येईल. मला ते सोयीचं वाटलं. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी मनात होतं. तू म्हणतेस तसा मी दहा वर्षांचाच राहिलोय.

पुढे आणखी वाईट आहे. जानेवारीच्या शेवटी ते तुझी वाट बघायला लागले. रोज विचारायचे, ताई कधी येते. मी म्हणालो, शनिवारी. तेव्हापासून दर शनिवारी ते सकाळी दाढी करवून घेतात, चांगला शर्ट घालतात आणि खिडकीपाशी बसतात. संध्याकाळी मी काहीतरी सांगतो. गाडी बंद पडली. भाचीची परीक्षा आहे. लॅबमध्ये घाईचं काम आलं. सहा शनिवार मी हे केलं. ते कधी तुझ्यावर चिडले नाहीत, गाडीवाल्यांना मात्र शिव्या दिल्या. आणि गेल्या शनिवारी मला म्हणाले, तिला यायचं नसेल तर तसं सांग, मी समजून घेईन.

मी पुन्हा म्हणालो, पुढच्या शनिवारी. आज सातवा शनिवार. मी हे लिहितोय आणि ते तिथे बसलेत.

काय बोलायचं ते येऊन बोल.

लोभ मागण्याची माझी लायकी नाही.
बारक्या


ता. १९ मार्च, मंगळवार

बारक्या, तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. फोन केला असता, पण त्यावर अण्णांना ऐकू जात नाही आणि मधला निरोप्या तू. म्हणून कुरिअरनं पाठवतेय, गुरुवारी पोचेल. खालचं अण्णांसाठी आहे. मोठ्यानं वाचून दाखव. एक अक्षर वाढवायचं नाही, एक गाळायचं नाही.


ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

मला यायचं नव्हतं असं एकदाही झालेलं नाही. तुम्ही बोलावताय, हे मला कुणी सांगितलंच नाही. गाडी बंद पडली नव्हती, परीक्षाही नव्हती. सातही शनिवारी मी इथे लॅबमध्ये बसून परक्या माणसांचे दात पॉलिश करत होते, आणि तुम्ही दुकानात खुर्च्या ठोकताय असं समजत होते. तुम्हीही मला कळवू नका म्हणालात, त्याचाही मला राग आलाय. तो तुमच्यापाशी बसून सांगेन. बारक्याला मी चांगली झापणार आहे, तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं नाही. नातही येतेय. तिलाही तुम्हा सगळ्यांशी भांडायचंय.

शनिवारपर्यंत थांबत नाही. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येते आहे, तिकिटं काढली आहेत. दाढी केलेली नसली तरी चालेल.

तुमची,
ताई