घरचे वडाम, योग्य एक्स्पोजर

२ मे
गेल्या वर्षी पापनाशमच्या विहीणबाई कमलाक्षी आमचे वडाम, म्हणजे कुरडयांसारखे वाळवण, तळून खाल्ल्यावर म्हणाल्या, दुकानातले वाटतात. बायको, राजलक्ष्मी, तेव्हापासून धुमसते आहे. यंदा वडामांबरोबर पुरावा नेणार. तांदळाचे वडाम गच्चीवर घातल्यापासून वाळेपर्यंतचा टाइमलॅप्स. फोटोग्राफी मी स्वतःच शिकलो, देवनागरीसारखी. (घरात दुसऱ्या कुणाला ही रोजनिशी वाचता येत नाही. बरे आहे.)

४ मे
सकाळी सहाला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवून लॉक केले. ऑटोवर चित्र लुकलुकते. नऊनंतर सगळे पांढरे. पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पांढरे वडाम. राजलक्ष्मीने विचारले, ह्यात वडाम कुठले. तिला हायलाइट्स समजावले. दोष उन्हाचा.

५ मे
एक्स्पोजर भर दुपारच्या उन्हावर ठरवावे, हा नियम आज शोधून काढला. (पुस्तकातही आहे.) लेन्सला एनडी फिल्टर, म्हणजे काळा चष्मा. राजलक्ष्मी म्हणाली, मग सकाळ काळी येईल हो. येऊ दे. ओल्या वडामात बघण्यासारखे काय असते.
दुपारी कॅमेरा तापून बंद.

७ मे, सकाळ
तोडगा निघाला. कावळे येऊ नयेत म्हणून राजलक्ष्मी वडामांशेजारी काळी छत्री उघडून ठेवते. ती काढून कॅमेऱ्यावर बांधली. कावळ्यांसाठी मी आहे. समोर, टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली. सगळे वडाम आज एकदम उन्हात आहेत. राजलक्ष्मी तिरुवैयारूला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, झोपू नका. मी दुपारी झोपत नाही.

७ मे, संध्याकाळ
डोळे मिटून विचार करत होतो. उघडले तर वेष्टी रिकामी. राजलक्ष्मी परत येऊन वडाम आत घेऊन गेली असणार. शिस्तीची बाई.
हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, सुरेख. उजव्या कडेला काहीही टेकलेले नाही, म्हणजे पांढरेफटक काही नाही. जाणकार चित्र बघत नाही, हिस्टोग्राम बघतो. व्हिडिओ लगेच दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला.

८ मे
व्हिडिओ पाहिला. एकही फ्रेम ओव्हरएक्स्पोज नाही. प्रत्येक कावळा पिसांसकट स्पष्ट. सावलीतही डिटेल आहे. माझे तोंड उघडे आहे.
साईप्रियाचा सासरहून फोन. अप्पा, इथे सगळ्यांनी टीव्हीवर लावून बघितला, दोनदा.
विहीणबाईंनी ग्रुपवर लिहिले, कावळ्यांनी एवढ्या आवडीने खाल्ले म्हणजे घरचेच.
राजलक्ष्मीला विचारले, एक्स्पोजर कसे वाटले. तिने कॅमेऱ्यावरची छत्री सोडली आणि उन्हातून दुकानात गेली, वडाम आणायला.